पोटातली रेघ

विमल, डबा मीच उघडायचा, श्रुतीच्या हातात द्यायचा नाही, असं तू जाता जाता सांगितलंस तेव्हाच मला संशय आला. तीस वर्षं ज्या डब्याला मला बोट लावू दिलं नाहीस, तो एकदम माझ्या वाट्याला कसा? माणूस जाताना जावेला साडी देतं, पाटली देतं, नाहीतर एखादा शेवटचा टोमणा तरी देतं. तू मला बिस्किटांचा गंजलेला डबा दिलास आणि डोळे मिटलेस. मिटता मिटता हसलीससुद्धा. बाकीचे म्हणतात, ते हसू नव्हतं, धाप होती. असेल. मी तुला त्यांच्यापेक्षा जास्त ओळखते.

मग दहाव्याचा कावळा. भटजी पिंड ठेवून अजून मागेही सरकले नव्हते, तोवर शिवून गेला. कामतघरच्या सगळ्या बाया हात जोडून म्हणाल्या, ‘विमलची कायसुदीक इच्छा राहिली न्हाय गो, सुखात गेली.’ मी म्हटलं, शक्यच नाही. कालवणाला मीठ कमी पडलं तर दोन दिवस मनात धरणारी बाई, आणि हिची इच्छा राहिली नाही? कावळ्याशी तू आधीच काहीतरी ठरवून ठेवलं असणार.

तेरावं झालं. पाहुणे गेले. आणि श्रुती मोबाइल घेऊन माझ्यापुढं उभी राहिली. नात माझी, पण वाढली तुझ्या बाकाशी, म्हणून बोलायची ढब तुझी आली आहे तिला. आधी गप्प उभी राहते, समोरच्याला घाम फुटला की मग बोलते.

‘आजी, निशाणी उमटवायची जाळी फाटली. कैच्या तयार पडल्यात, निशाणी नाय एकीवर पण. पडघ्याच्या रेडियमवाल्याकडं नवीन मशीन आलंय, तो आता जाळीचं स्टेन्सिल पण काढून देतो. त्याला आपलं अक्षर पाठवायचंय.’

मोबाइलवर दोन अक्षरं होती, शेजारी शेजारी. एक ब, एक व.

‘यातलं आपलं कुठलं?’

बघ विमल. तीस वर्षं भिवंडीतल्या लूमवर आपल्या कैच्या चालतात, आणि घरातल्या पोरीला आपलं अक्षर माहीत नाही. तिची काय चूक? मलाच कुठं माहीत होतं. तुला होतं, आणि तू सांगितलं नाहीस.

‘ब,’ मी म्हटलं. ‘बेबीचा ब.’

‘मग निम्म्या कैच्यांवर व कसा? मोठी आजी व म्हणायची का?’

‘तुझी मोठी आजी काही म्हणायचीच नाही, तोच तर वांधा होता.’

श्रुती म्हणाली, ‘उद्या दुपारपर्यंत सांग. नुसतं अक्षर तर हाय.’

नुसतं!

तुला आठवतं ना, हे कसं सुरू झालं ते. मोठे भावजी लूमवर जॉबर होते. दिवसभर दुसऱ्यांचे लूम दुरुस्त करायचे आणि सुट्टीच्या दिवशी मागच्या पडवीत विणकरांसाठी छोट्या कैच्या करायचे, दोरा तोडायच्या. ते गेले आणि महिन्याभरात तू पदर खोचून ग्राइंडरवर बसलीस. धाकटी जाऊ म्हणून मी तुझ्या मदतीला आले असं सगळे समजतात. आज खरं सांगते, मी मदतीला आलेच नव्हते. मी लक्ष ठेवायला आले होते. त्या वेळच्या बेबीला वाटायचं, ही थोरली घरात एकटीच कमावती झाली तर आपल्याला भाजी चिरायला बसवेल. काय ती बेबी! अंगावर कडक इस्त्रीची साडी, डोक्यात गजरा, आणि ग्राइंडरची ठिणगी उडाली की ‘आई गं’ करून दाराबाहेर. तुझ्या जागी मी असते तर पहिल्याच आठवड्यात हाकलली असती तिला.

निशाणीचा विषय काढला तो रामसुरतनं. तुझं जुनं गिऱ्हाईक, लूमवरचा विणकर. एके दिवशी मोडलेली कैची घेऊन आला. ‘भाभी, आपकी कैंची तो हफ्ते भर में बैठ गई.’

तू हातात घेऊन बघितलीस. ‘ये हमारी नहीं है.’

‘अच्छा? नाम कहाँ लिखा है?’

तू माझ्याकडं बघितलंस. नाव कुठंच लिहिलेलं नव्हतं. कैचीच्या पात्यावर करंगळीच्या नखाएवढी सपाट जागा, तिथं मावून मावून एक अक्षर मावेल. तू लगेच म्हणालीस, ‘ब घालू. बेबीचा.’

दुसरी कोणी असती तर खूश झाली असती. पण त्या बेबीला झोंबलं. थोरली विमल, धंदा तिच्या नवऱ्याचा, हात तिचा, आणि स्वतःचा व सोडून ही माझा ब घालते? यात काहीतरी खोट आहे. उद्या कैच्या परत आल्या की बेबीच्या नावानं शिव्या बसाव्यात, असा डाव असणार. मी दोन दिवस नीट जेवले नाही. तुला वाटलं पित्त झालं, तू मला कोकमाचं सार करून दिलंस. त्या सारावरही मी संशय घेतला.

आणि मग ते स्टेन्सिल निवडणं. श्रुतीला आज दोन मिनिटांत मोबाइलवर निवडायचंय, आपले त्यात दोन पावसाळे गेले.

आधी तू शाळेतून मेणकागद आणलास, परीक्षेचे पेपर छापायचे तो. त्यावर रिकाम्या बॉलपेननं ब कोरायचा, कागद पात्यावर ठेवायचा, बॅटरी चार्जरची एक तार पात्याला, दुसरी तार नमद्याच्या, म्हणजे जाड लोकरीच्या, तुकड्याला. नमदा मिठाच्या पाण्यात बुडवून कागदावर दाबला की चर्र आवाज, जरासा वास, आणि कोरलेल्या जागेतून पाणी जाऊन लोखंड खायचं. कागद उचलला की खाली काळा ब. पहिला ब उमटला तेव्हा आपण दोघी शाळेतल्या पोरींसारख्या ओरडलो होतो. पण दहा-बारा कैच्या झाल्या की मेणकागदाचा लगदा. मीठपाण्यापुढं त्याचं काही चालेना.

मग पडघ्याचा रेडियमवाला. आत्ता ज्याच्याकडं मशीन आलंय त्याचा बाप. हायवेवरच्या ट्रकांना चिकटवायची अक्षरं कापायचा. आपण एसटीनं गेलो, त्यानं चिकटणाऱ्या रेडियमचे बारके बारके ब कापून दिले. प्रत्येक कैचीला नवा ब चिकटवायचा, नमदा फिरवायचा, सोलून टाकायचा. काम सुबक व्हायचं. पण ब म्हणजे काय अवघड बाई आहे हे मला तेव्हा कळलं. ब कापला की त्याच्या पोटात दोन इवलेसे तुकडे राहतात, रेघेच्या या बाजूला एक आणि त्या बाजूला एक. त्यांना कशाचाच आधार नसतो. बाकीचं रेडियम उचललं की हे दोघे कागदावरच बसून राहतात. ते चिमट्यानं उचलून एकेका पोटात बसवायचं काम तू मला दिलंस. मी शिंकले की वीस कैच्यांची पोटं रिकामी. रिकाम्या पोटाचा ब उमटायचा तो नुसता काळा ठिपका. रामसुरत म्हणाला, ‘भाभी, कैंची को नज़र का टीका लगाया है क्या?’

त्या दिवशी मी चिमटा आपटला. ‘व घेतला असता तर एकच तुकडा बसवायला लागला असता!’

तू शांतपणे म्हणालीस, ‘मग व करू?’

तुझं ते ‘मग व करू’ अजून माझ्या कानात आहे. इतकं गुळगुळीत. इतकं तयार. मी किंचाळले, ‘तुला तेच पाहिजे होतं!’

आणि लगेच जीभ चावली. कारण मी ‘तुला’ म्हणाले होते. पाच वर्षं मी तुला अहो-जाहो करत होते, ‘ताई तुम्ही जेवा, ताई तुम्ही बसा’. आणि रेडियमच्या दोन तुकड्यांवरून थोरल्या जावेला अरे-तुरे. मला वाटलं आता कानाखाली बसणार. तू खाली वाकून चिमटा उचललास, माझ्या हातात दिलास आणि म्हणालीस, ‘बरं झालं. त्या तुझ्या तुम्हीनं माझी पाठ धरायची.’

तेव्हापासून तू तू झालीस. पण व काही माझ्या डोक्यातून गेला नाही.

तिसरं स्टेन्सिल शौकतभाईंचं. लग्नपत्रिका आणि साड्यांची खोकी छापायचे ते. बारीक जाळीवर लेप चढवायचा आणि अक्षरापुरता लेप काढून टाकायचा, अशी त्यांची पद्धत. जाळीत पोटातले तुकडे पडत नाहीत, जाळीच त्यांना धरून ठेवते. एका जाळीत शेकड्यानं कैच्या निघतात. ठरवायला तू एकटी गेलीस. ‘तू येऊ नको, तुला शिंका येतील तिथल्या वासानं,’ असं म्हणालीस. कारण बघ! मी मनात खूणगाठ बांधली.

स्टेन्सिल आलं, सकाळी बसलो, ब उमटला. झकास, टोकदार, पोटात तिरपी रेघ. मी भिंग लावून बघितला. मला जरा लाजच वाटली. पण दुपारच्या चहानंतर सहज एक कैची उचलली, तर व. दुसरी उचलली, व. पोट आहे, रेघ नाही.

‘विमल, हे काय?’

‘मीठ बसतंय रेघंत. बारीक हाय ना ती.’

‘नेमकं माझ्याच रेघेत?’

‘पोटात दुसरी कुठली रेघ हाय मग?’

उत्तर बरोबर होतं, म्हणूनच मला पटलं नाही. मी गुपचूप ब आणि व वेगळे लावायला लागले. सकाळचे ब, दुपारचे व. आणि ज्या दिवशी आपलं सकाळीच वाजलेलं असेल, त्या दिवशी पहिल्या कैचीपासून व. मीठ काय भांडण ऐकून बसायला येतं?

त्यात ती नेलपॉलिशची बाटली. तेलाच्या डब्यामागं, लाल रंगाची, निम्मी संपलेली. तुझी नखं मी बघितली. कोरी, काळवंडलेली, ग्राइंडरनं खाल्लेली. नवरा गेलेली बाई लाल नेलपॉलिश आणते, लावत नाही आणि ती संपते. झालं, बेबीच्या डोक्यात आख्खा सिनेमा तयार. महिन्यातून एकदा तू शौकतभाईंकडं जातेस, एकटी जातेस, आणि येताना हसत येतेस! म्हणजे नखं तिकडं रंगवायची आणि इकडं येताना पुसायची. हे मला तेव्हा इतकं स्वच्छ दिसत होतं की मी कुणाला सांगितलं नाही ते त्यातल्या त्यात पुण्य.

एकदा तुझ्या मागे आले. हो, आले. बोंबील विकणाऱ्या बाईच्या पाटीआड बसून राहिले, तिला वाटलं भाव करते आहे. शौकतभाईंच्या दारातून आतलं दिसत होतं. त्यांची बायको तुझ्यापुढं सांदणाची बशी ठेवत होती, शौकतभाई कुणावर तरी ओरडत होते, आणि तू खिडकीशी मान खाली घालून हातातल्या सुईनं काहीतरी करत होतीस. मला वाटलं शिवणकाम. म्हटलं, आमच्या घरी परकराची निसटलेली नाडी घालायला हिला वेळ नाही, आणि इथं परक्यांचं शिवते. घरी आले ती ओले बोंबील घेऊन. तू विचारलंस, ‘कुठनं आणलेस गो?’ मी म्हटलं, ‘दारावर आलती.’ तू म्हणालीस, ‘अच्छा.’

तुझं ‘अच्छा’ फार वाईट होतं विमल.

आणि मग तो दिवस, जो मी कुणाला सांगितलेला नाही. शौकतभाईंकडून नवं स्टेन्सिल आलं होतं, तू ते बाकावर ठेवून आंघोळीला गेलीस. मी कागद उघडला. व! स्वच्छ, कोराकरकरीत व. मीठ नाही, पाणी नाही, एकही कैची अजून झाली नाही, आणि पोटात रेघ नाही. रंगेहाथ पकडली. तू चोरून व करून आणत होतीस, आणि मला मिठाच्या गोष्टी सांगत होतीस.

शहाणी बाई असती तर तिनं ते स्टेन्सिल हातात घेऊन तुझी वाट बघितली असती. पण बेबी शहाणी नव्हती, हुशार होती. तिनं पदराची पिन काढली आणि स्वतःच रेघ ओढली. आणि तुला खरवडलेलं दिसू नये म्हणून मागच्या बाजूनं ओढली! मागून अक्षर उलटं दिसतं, एवढं तिच्या ध्यानात आलं नाही. तिला सवयीप्रमाणे ब ची रेघ जशी असते तशी तिनं ओढली, आणि स्टेन्सिल कागदात गुंडाळून स्वैपाकघरात जाऊन पोळ्या लाटायला लागली. पोळ्या लाटताना गाणंही म्हणत होती, निर्लज्ज.

पुढच्या बाजूनं ती रेघ भलतीकडं झुकलेली. असला ब कुठल्याच शाळेत शिकवत नाहीत. तू स्टेन्सिल उजेडाला धरलंस. मी दाराआडून बघत होते. तू बराच वेळ बघितलंस. मग खाली ठेवलंस आणि तेच स्टेन्सिल लावून कैच्या करायला लागलीस. आख्खा लॉट. एकही शब्द नाही. सगळ्या कैच्यांवर उलट्या पोटाचा ब.

दुपारी म्हणालीस, ‘बेबी, स्टेन्सिलला उंदीर लागला वाटतं.’

‘हो ना,’ मी म्हटलं. ‘उंदीर फारच झालेत.’

संध्याकाळी तू बाजारातून पिंजरा आणलास. बाकाखाली ठेवलास, त्यात सुका बोंबील अडकवलास आणि रोज माझ्यासमोर तपासायला लागलीस. ‘नाय गो सापडत. शिकलेला उंदीर हाय. पण उलट्या बाजूनं शिकलाय.’ रामसुरतला सांगितलंस, शेजारच्या बायांना सांगितलंस. सगळे हसायचे. मीही हसायचे, आणि माझे कान तापायचे. महिन्याभरानं रामसुरत आला, ‘भाभी, वो उल्टे ब वाली और है क्या? बहुत बढ़िया चली.’ तू माझ्याकडं न बघता म्हणालीस, ‘वो चूहे ने बनाई थी. अब चूहा काम पे नहीं आता.’

तुला कळलं होतं, हे मला कळलं होतं. मला कळलंय हे तुलाही कळलं असणार. पण मी कबूल केलं नाही, आणि तू कबूल करून घेतलं नाहीस. त्यानंतरची स्टेन्सिलं सकाळी ब द्यायची, दुपारी व. मी समजले, चोर घाबरला, पण सवय गेली नाही. हे सोबत घेऊन मी तुझ्या शेजारी इतकी वर्षं बसले. पोरं मोठी झाली, सुना आल्या, श्रुती आली. तुझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनला मी डबे नेले, माझे मिस्टर गेले तेव्हा तू माझ्या अंथरुणाशी झोपलीस. आणि हे सगळं करतानासुद्धा आत कुठंतरी एक बारीक रेघ, की ही बाई माझ्या नावाचा व करते.

शेवटच्या आठवड्यात मी विचारलंच. तू उशीला टेकून बसली होतीस. ‘विमल, आता तरी सांग. ब होता का व?’

तू म्हणालीस, ‘चहा ठेव.’

मी चहा ठेवला. तू दोन घोट घेतलेस. मग डब्याचं सांगितलंस. बस.

काल दुपारी मी डबा उघडला. श्रुतीला दुकानात पाठवलं, दार लोटून घेतलं. माझ्या मनाची तयारी होती. काहीही निघालं असतं तरी मी म्हटलं असतं, मला माहीत होतंच.

वर एका बुचात खोचलेली सुई. शेजारी ती नेलपॉलिशची बाटली, आतला रंग वाळून खडा झालेला. खाली जुनी स्टेन्सिलं, एकेक कागदात गुंडाळून, एकावर एक रचलेली. मी चष्मा पुसला, भिंग घेतलं, एक स्टेन्सिल खिडकीशी धरलं. अक्षर यंत्रानं काढल्यासारखं, कडा सरळ. आणि पोटातली रेघ वेडीवाकडी. सुईच्या टोकानं खरवडलेली, दोन ठिकाणी चुकून पुढं गेलेली, आणि जिथं चुकली तिथं लाल नेलपॉलिशचा बारका ठिपका देऊन बुजवलेली. दुसरं उघडलं. तसंच. तिसरं. तसंच. सगळीच्या सगळी मुळात व. आणि सगळ्यांच्या पोटात तुझ्या हातची रेघ.

मला काही समजेना. म्हणून मी शौकतभाईंना फोन लावला. आता ऐकू कमी येतं त्यांना, त्यामुळे निम्मं कामतघर ऐकेल इतक्या मोठ्यानं मला विचारावं लागलं, ‘शौकतभाई, विमलला तुम्ही ब करून द्यायचात का व?’

‘व,’ ते म्हणाले. ‘वच देयाचो. नखाएवढ्या अक्षरात तेवढी बारीक रेघ माझ्या जाळीत बसायचीच नाय बेबीबाय. पहिल्या दिवशी मीच बोललो तिला, व ठेव ना, तुझंच नाव होतंय, फुकटची कटकट नाय. तर ती कबूल नाय. बोलली, तुम्ही व द्या, रेघ मी सुईनं काढते. पहिल्यांदा माझ्या दुकानात बसून शिकली. किती जाळ्या फाडल्या तिनं! मी ओरडायचो, बायको तिला सांदण खिलवायची.’

‘मग मला का नाही सांगितलं?’

ते हसले. ‘मी बोललो, जावेला सांग, ती पण शिकेल. तर विमल बोलली, नको. बेबी बोलेल, आख्खं अक्षर मशीननं, आणि माझी रेघच तेवढी हातानं का?’

मी म्हणणार होते, छे, मी असं कधी म्हटलं असतं? पण फोन ठेवून दिला. म्हटलं असतं विमल. शंभर टक्के म्हटलं असतं. आणि दोन दिवस जेवले नसते.

म्हणजे रोज सकाळी, मी आतून चहा घेऊन येईपर्यंत, तू आदल्या दिवशीचं मीठ रेघेतून सुईनं मोकळं करायचीस. चहा आला की सुई डब्यात. मी कप ठेवताना तुझ्या बोटांकडं संशयानं बघायचे, नखं रंगलीत का म्हणून. आणि त्या नखांत माझ्या ब चा लेप अडकलेला असायचा.

आता रडू नको म्हणून सांगायलाही तू नाहीस, त्यामुळे मी जरा वेळ घेतला.

मग डोळे पुसून डब्याच्या तळाशी हात घातला, कारण तू इतकी सरळ असशील यावर माझा अजून विश्वास नव्हता. तळाशी एक कागद होता, दोरा बांधलेला. सोडला. आत एक स्टेन्सिल. पोटात रेघ, पण उलटीकडं झुकलेली, पिनेनं ओढलेली, जाड आणि धसमुसळी. त्यावर तुझा हात लागलेला नव्हता. नेलपॉलिशचा ठिपका नाही, दुरुस्ती नाही. आणि कागदाच्या आतल्या बाजूला तुझ्या अक्षरात, मोठ्ठ्या ठळक अक्षरात, एकच शब्द लिहिलेला.

उंदीर.

मी इतकी हसले की श्रुती दुकानातून पळत आली. तिला वाटलं म्हातारी गेली कामातून.

‘आजी, काय झालं? ब की व ठरलं का?’

मी ते स्टेन्सिल तिच्या हातात दिलं. ‘याचा फोटो काढ. हे पाठव पडघ्याला.’

तिनं उजेडाला धरून बघितलं, अगदी तू धरायचीस तसं. ‘आजी, हा ब चुकीचा हाय. रेघ उलटी हाय.’

‘माहीत आहे.’

‘कुणी काढली?’

तीस वर्षांत हा प्रश्न मला कुणी इतका सरळ विचारला नव्हता. तू विचारला असतास तर मी कदाचित सांगितलंही असतं. कदाचित नाही. ‘मी काढली,’ मी म्हटलं. ‘तुझ्या मोठ्या आजीवर डूख धरून काढली. पिनेनं. आणि उंदरावर ढकलली.’

श्रुती आधी गप्प राहिली. मला घाम फुटला. मग ती म्हणाली, ‘अच्छा.’

हुबेहूब, विमल. तोच आवाज.

संध्याकाळी रेडियमवाल्याचा फोन आला. ‘आजी, तुमचं अक्षर मिरर होऊन आलंय वाटतं. सरळ करून घेतो.’

‘हात लावून तर बघ,’ मी म्हटलं. ‘जसं आहे तसंच काढ. आमची निशाणी आहे ती.’

‘पण आजी, लोक चुकीचं बोलतील ना.’

‘बोलू देत. विणकर ओळखतील.’

एवढं सगळं होऊनही एक शंका माझी जात नाही, ती सांगून ठेवते. भांडणाच्या दिवशी सकाळपासून व यायचे. म्हणजे त्या दिवशी तू सुई उचलायचीस नाही. बरोबर ना? मीठ-बीठ काही नाही. रुसलीस की माझी रेघ बुजलेलीच ठेवायचीस. तेवढा हक्क तुझा होता, मी भांडत नाही. पण शौकतभाईंना मी हे विचारलं नाही, आणि तू चहा ठेव म्हणून मोकळी झालीस, त्यामुळे हे आपल्यात राहिलं. मी तिकडं आले की बघू.

पिंजरा अजून बाकाखाली आहे. श्रुती परवा झाडताना काढायला गेली तर मीच नको म्हटलं होतं. आतला बोंबील तू गेल्या महिन्यातच बदललेला दिसतोय, म्हणजे शेवटपर्यंत तू वाट बघत होतीस.

सापडला, विमल. आता उचलू का पिंजरा?